अंड्याची पावती

आमच्याकडे उपासना संपताना पाळकसाहेब दोन्ही हात वर करतात आणि आशीर्वाद देतात. त्यात तीन गोष्टींची नावं येतात : कृपा, प्रीती आणि सहभागिता. कृपेच्या वेळी माझे डोळे मिटलेले असत. प्रीतीच्या वेळीही असत. सहभागितेपर्यंत मात्र एक डोळा उघडून दाराकडे, चपलांच्या ढिगाकडे गेलेला असे. पावसाळ्यात तर प्रीतीलाच उघडे.

तो तिसरा शब्द मला कधी कळलाच नव्हता. कळण्यासारखं त्यात काही आहे असंही वाटत नव्हतं. पहिल्या दोन शब्दांना जोड म्हणून, तोल सांभाळायला घातलेला तो तिसरा, अशी माझी समजूत. आज वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हे लिहितोय, ते ती समजूत कशी मोडली हे सांगायला. मोडली म्हणजे एका दिवसात नाही मोडली, आणि पूर्ण मोडली असंही छातीठोकपणे सांगत नाही.

मी साखर कारखान्यात हिशेब खात्यात एकतीस वर्षं काढली. गाव नगर जिल्ह्यातलं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही. 2009 ते 2020 अशी अकरा वर्षं मी आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. मराठीत मंडळी म्हणजे बायकोही, त्यामुळे 'मंडळीचे पैसे मी सांभाळतो' म्हटलं की कारखान्यात हशा ठरलेला. पण खरं सांगायचं तर माझ्या लेखी मंडळी म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे 1950च्या कायद्याखाली नोंदलेला एक विश्वस्त न्यास. सभासद, वर्गणी, दानार्पण, ऑडिट, वार्षिक सभा, भांडण. त्यात आत्मिक ते काय?

आत्मिक होतं ते माझं आणि देवाचं. ते घरी, पहाटे, कंदिलाच्या काळापासून चालत आलेल्या आजोबांच्या शास्त्राच्या प्रतीसमोर. आजोबा अमेरिकन मिशनचे. ही माणसं 1831 साली नगरला आली आणि त्यांनी गावोगाव शाळा काढल्या. आमच्या घरात अक्षर आलं ते त्या शाळांतून. आजोबा अभिमानाने सांगत, आपल्यात देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहित नाही. मी ते वाक्य मनात धरलं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं ताणत नेलं. मध्ये पुरोहित नाही, मग मध्ये कुणीच नाही. शेजारच्या बाकावरचा माणूस म्हणजे आगगाडीतला सहप्रवासी; त्याचं तिकीट त्याच्याकडे, माझं माझ्याकडे.

आणि या सहप्रवाशांची एकी किती खरी, ते मला चांगलं ठाऊक होतं. 29 नोव्हेंबर 1970ला नागपुरात सहा चर्चपंथ एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी झाली. कागदावर आम्ही सगळे एक. पण माझी आजी एस.पी.जी.ची, म्हणजे इंग्रजांच्या मिशनची, आणि तिला मरेपर्यंत आमच्या घरात 'तुमच्या आजीची प्रार्थना पुस्तकातली' असं ऐकावं लागलं. अजूनही सोयरीक जुळवताना 'मूळचे कुठल्या मिशनचे?' विचारतात. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, तो कुणी तोंडाने विचारत नाही. आडनाव आणि आजोळचं गाव विचारून त्याचं उत्तर काढून घेतात. महाराचा ख्रिस्ती की मांगाचा ख्रिस्ती, हे बाप्तिस्म्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी विचारलं जातं. रोटीव्यवहार झाला, बेटीव्यवहार अडतो. मी स्वतः माझ्या मुलीच्या वेळी आडनावं चाळली आहेत. हे लिहिताना लाज वाटते, पण मनोगत म्हटल्यावर ही ओळ गाळून कसं चालेल? तर असल्या माणसांनी दर रविवारी 'सहभागिता' म्हणावं आणि मी आमेन म्हणावं, याला मी शिष्टाचार समजत होतो.

आता अंड्याकडे येतो.

बाजरी घरात आली की आमच्याकडे कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकतं ते तो चर्चमध्ये आणतो. बाजरीची पोती, भोपळे, केळीचा घड, गावरान कोंबडा, एखादं करडू, बायकांनी विणलेले क्रोशाचे रुमाल. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव. जो घेतो तो पुष्कळदा वस्तू घरी नेत नाही, 'परत देवाला' म्हणतो. मग तीच वस्तू पुन्हा लिलावात. एकच भोपळा चार वेळा विकला जातो आणि पाचव्यांदा कुणाच्या तरी आमटीत जातो. हिशेबाच्या माणसाला हा प्रकार असह्य. जमेला एक भोपळा आणि विक्री चार भोपळ्यांची!

गावाच्या कडेच्या वस्तीतली एक आजी दरवर्षी एकच अंडं आणायची. स्टीलच्या वाटीत बाजरीचे दाणे, त्यावर मधोमध अंडं, वरून फडकं. वेदीपाशी भोपळे-पोती यांच्या रांगेत ती वाटी ठेवताना ती आजूबाजूची पोती चक्क हाताने सरकवायची. तिच्या वाटीला जागा झाली पाहिजे. चार कोंबड्या होत्या तिच्या, आणि दुष्काळाच्या साली दोनच.

2013च्या नोव्हेंबरची गोष्ट. आदल्या वर्षी पाऊस गेला होता, जिल्ह्यात चारा छावण्या पडल्या होत्या, कापणीचा सण नावापुरता झाला होता. या वर्षी पिकलं होतं आणि माणसं हात सैल सोडून आली होती. पैसे चर्चच्या छपरासाठी लागणार होते. त्या छपरावरून माझं आणि मास्तरांचं वाजलं होतं. मास्तर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वडीलमंडळात माझ्या समोरच्या खुर्चीवर बसणारे. मी म्हणत होतो पत्रे, ते म्हणत होते स्लॅब. एवढंच. पण समितीत दोन वर्षं एवढंच पुरलं.

अंडं निघालं. बोली पन्नासवर सुरू झाली. कुणी शंभर म्हणालं, मास्तर म्हणाले दोनशे. मास्तर म्हणाले म्हणून मी म्हणालो तीनशे. पोरं हसली. पाचशे. सातशे. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते, लिंबाच्या शेंड्याकडे बघून आकडा सांगत होते, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. हजार. दीड हजार. आजी पहिल्या रांगेत बसली होती; तिच्या अंड्याला काय चाललंय ते तिला कळेना, तिने पदर तोंडाला लावला. मास्तर म्हणाले दोन हजार. मी म्हणालो एकवीसशे. एकवार, दोनवार, तीनवार.

टाळ्या पडल्या. मी वाटी उचलून डोक्यावर धरली आणि ओरडलो, "परत देवाला!" अंडं पुन्हा लिलावात गेलं, आणखी दोनदा विकलं गेलं, शेवटी रविवारच्या शाळेतल्या एका पोराने दहा रुपयांना घेतलं. ते चर्चच्या पायरीवरच फुटलं, हे जाता जाता.

त्या एकवीसशेत देवाचा काडीचा संबंध नव्हता. ते रागाचे पैसे होते. आणि पुढे निघालं ते असं, की तेसुद्धा मी दिले नव्हते.

2014च्या मार्चमध्ये वार्षिक सभा झाली. मी ताळेबंद वाचला. मास्तर उठले. म्हणाले, "कापणीच्या लिलावातले एकवीसशे जमेत दिसत नाहीत." कुणाचे, ते म्हणाले नाहीत. सगळ्यांनी मला बोली करताना पाहिलं होतं, तेव्हा म्हणायची गरज नव्हती. मी म्हणालो, "मी दिलेत." माझी अगदी खात्री होती. पाकिटातून काढून पेटीत टाकल्याचं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पावत्यांची बेरीज आणि रोख रक्कम पैशापैशाला जुळत होती. मी पुस्तक उघडून दाखवलं. मास्तर थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि बसले.

त्या 'बरं'ने माझी साडेसहा वर्षं खाल्ली.

'खोटं बोलताय' म्हणाले असते तर मी उत्तर दिलं असतं. चर्चेला वाव ठेवला असता तर चर्चा केली असती. 'बरं' ला काय करणार? मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी दहा-दहा जण गुडघे टेकतात. मास्तर ज्या दहांत असतील त्यात मी नसायचो. बाकं मोजून ठेवायचो. अंतःकरणात वैर धरून या कठड्याशी येऊ नये, आधी समेट करून मग यावं, हे पाळकसाहेब दर वेळी वाचून दाखवायचे. मी ते ऐकायचो आणि मनात म्हणायचो, वैर कुठे आहे, मी फक्त बोलत नाही.

याच काळात मी दुसरीकडे जाऊन पाहिलं. तालुक्याला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर नव्या धर्तीची प्रार्थनासभा भरायची. आमचे लोक त्यांना 'हालेलुयावाले' म्हणतात, आणि ते चांगल्या अर्थाने म्हणत नाहीत. मीही म्हणायचो. पण रविवारी सकाळी इकडे हिशेबापुरतं बसायचं आणि संध्याकाळी तिकडे, असे चार महिने काढले. तिकडे सगळे ब्रदर आणि सिस्टर. दारातच मिठी. कीबोर्ड, ढोलक, टाळ्या. कुणाचं कर्ज, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या मुलीचं जमत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आणि सगळे मिळून मोठ्याने प्रार्थना करणार. मला सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, मग बरं वाटलं, मग फारच बरं वाटलं. एकदा माझा रक्तदाब वाढला तर तिथल्या एका रिक्षावाल्या ब्रदरने तीन दिवस डबा पोचवला. हे मी विसरणार नाही, आणि तेव्हापासून 'हालेलुयावाले' हा शब्द मी त्या सुरात उच्चारत नाही. मला वाटलं, हीच ती सहभागिता. आमच्याकडे नाही, इथे आहे. ज्यांचं ज्यांच्याशी जमतं त्यांनी एकत्र यावं, बाकीच्यांना सोडावं.

मग त्यांचं फाटलं. कारण मला नीट कळलंही नाही. कुणीतरी कुणाला माइक दिला नाही असं काहीसं. पुढच्या महिन्यात दोन मंगल कार्यालयं होती आणि दोन्हीकडून मला फोन येत होते. ज्यांचं जमत होतं ते एकत्र होते, जमेना तेव्हा राहिले नाहीत. यात त्यांची चूक मोठी आणि आमची लहान असं नाही. आमच्याकडेही जमत नव्हतंच. फक्त आम्हाला सोडून जायला दुसरं मंगल कार्यालय परवडत नव्हतं. मी गुपचूप परत आलो. कुणी काही विचारलं नाही. तेव्हा वाटलं, कुणाच्या लक्षातच आलं नाही. केवढा भ्रम!

मार्च 2020च्या टाळेबंदीत चर्चला कुलूप लागलं. आमच्या मंडळीत यावरून दोन तट पडले की प्रभुभोजन फोनवरून घ्यावं की नाही. मी 'घ्यावं' या तटाचा. मला तर हे फार सोयीचं वाटलं. देव आणि मी. मध्ये आता बाकंही नाहीत. 9 एप्रिलच्या गुरुवारी, प्रभूने शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं त्याची आठवण करायची ती रात्र, मी आणि हिने ओट्यावर फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. एका बशीत पोळीचा तुकडा, दोन लहान पेल्यांत काळ्या मनुका उकळून गाळलेलं पाणी. चर्चसाठीही आम्ही असंच करतो. पाळकसाहेबांच्या घरून आवाज येत होता, बाकी सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवलेले. चौकोनांत कपाळं, पंखे, एकीकडे नुसताच पडदा. पाळकसाहेबांनी भाकरी मोडली. आम्ही पोळी मोडली, खाल्ली. पेला घेतला.

आणि मी थांबलो. काहीतरी व्हायचं राहिलं होतं. हिने विचारलं, "काय झालं?" मला सांगता येईना. झोपायच्या वेळी लक्षात आलं. द्राक्षरस घेतला की मास्तरांना खोकला येतो. दर वेळी. ते कुठल्याही रांगेत असोत, पेला घेतल्यावर दोन क्षणांनी त्यांचा तो कोरडा खोकला संबंध चर्चभर ऐकू जातो, आणि पोरं एकमेकांकडे बघतात. सहा वर्षं त्या माणसाशी न बोलता मी त्याचा खोकला ऐकत होतो. मी त्याची वाट पाहत होतो.

माझे मित्र रोज फोन करत होते, मुलगी पुण्याहून व्हिडिओवर दिसत होती. ज्यांची आठवण यायला हवी त्यांची यायला जागाच नव्हती. आठवण आली ती या माणसाची, आणि ती प्रेमाने आलेली नव्हती. मला तो तेव्हाही आवडत नव्हता. मग हे काय होतं? दोन्ही हात वर करून तिसरा शब्द उच्चारतात तो हा की काय, अशी पाल त्या रात्री पहिल्यांदा चुकचुकली.

टाळेबंदीत पाळकसाहेब बुधवारी संध्याकाळी फोनवर शास्त्राभ्यास घेऊ लागले. एका बुधवारी त्यांनी हाच शब्द घेतला. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे कोइनोनिया. त्याच्या मुळाशी 'सामाईक' असा अर्थ. सर्वांची मिळून जी गोष्ट, तिच्यात वाटा असणं. आपल्या मराठी शब्दातही 'भाग' आहेच, ते म्हणाले, भाग म्हणजे हिस्सा. इथवर मी अर्धवट ऐकत होतो. मग ते म्हणाले की पौलाने यरुशलेमातल्या गोरगरिबांसाठी मंडळ्यांतून पैसे गोळा केले, त्या वर्गणीलाही त्याने हाच शब्द वापरला आहे. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात. मी उठून चष्मा आणला. खजिनदाराच्या कानावर जन्मात पहिल्यांदा त्याच्या कामाचा शब्द आशीर्वादातून आला होता. पवित्र आत्म्याची ती सहभागिता आणि वर्गणीची ही थैली, दोन्हींना एकच नाव! मी तर अकरा वर्षं या दोहोंच्या मध्ये भिंत घालून बसलो होतो : हिशेब तो हिशेब, आत्मिक ते आत्मिक.

त्याच दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचलं. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत हे पुस्तक नसेल असं सहसा होत नाही. लहानपणी मला त्यातले नायक टिळक वाटायचे. 1895 साली चित्पावन ब्राह्मणाने बाप्तिस्मा घ्यायचा म्हणजे केवढं धाडस! लक्ष्मीबाई म्हणजे मागून रडतखडत येणारी बायको. आता वाचताना उलटं झालं. टिळकांचा प्रश्न देवाशी होता आणि त्यांनी तो देवाशी सोडवला. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या तेव्हा त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळं ठेवलं. त्यांचा प्रश्न होता दुसऱ्याच्या हातच्या पाण्याचा. एक दिवस स्वतःच्याच विचाराने त्यांनी तो विटाळ टाकून दिला, आणि मग बाप्तिस्मा घेतला. देवावर विश्वास ठेवायला माणसाला एकटं बसता येतं, मी तर तसाच बसत आलो. दुसऱ्याच्या हातातून आलेला पेला घ्यायचा म्हणजे समोर कुणीतरी लागतं. टिळकांनाही पुढे ते भासलं असावं. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र धरले होते. दोनच वर्षांत ते गेले. तो दरबार काही फार वाढला नाही. आम्ही त्यांची पदं गातो, दरबाराचं नाव निघत नाही.

16 नोव्हेंबर 2020ला राज्यात प्रार्थनास्थळं उघडली. मी खजिनदारी सोडायची ठरवली होती, एका तरुणाकडे कारभार द्यायचा होता, म्हणून चर्चचं कपाट आवरायला गेलो. आठ महिन्यांची धूळ, उंदरांच्या लेंड्या. खालच्या खणात जुन्या उपासना संगीतांच्या गठ्ठ्यामागे एक पावतीपुस्तक सापडलं. कोरं वाटलं. उघडलं तर पहिलं पान लिहिलेलं. तारीख 24 नोव्हेंबर 2013. माझं नाव, माझं अक्षर. 'अंड्याबद्दल, रु. 2,100.' आणि पावती न फाडता तशीच पुस्तकात. स्थळप्रत आणि पावती एकमेकींना चिकटून.

पैसे हातात आल्याशिवाय पावती फाडायची नाही, हा माझाच नियम. अकरा वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

लिलावाच्या मध्येच जुनं पुस्तक संपत आलं असणार. नवं काढून पहिली पावती मी माझीच लिहिली, तेवढ्यात कुणी हाक मारली, पुढचा कुणी जुन्याच पुस्तकाच्या उरल्यासुरल्या पानावर उरकला, हे नवं कुठेतरी गठ्ठ्यात गेलं. पाकिटातून काढून पेटीत टाकताना दिसलं होतं ते मी मनाने रंगवलेलं चित्र. मी कपाटापुढे जमिनीवर बसलो. आधी सुचलं ते हिशेबनिसालाच सुचेल. 2014चं रोजकीर्द काढलं. एकवीसशेची तूट जर खरी होती, तर छपराच्या खात्यात ती पुढे दिसायला हवी होती. मग छपराचं काम पुरं कसं झालं?

6 एप्रिल 2014, रविवार. सभेनंतर तीन आठवड्यांच्या आत. 'गुप्तदान, छपराकरिता, रु. 2,100.' हेही माझंच अक्षर. मला ते पाकीट आठवलं. दानार्पणाच्या मखमली थैलीत आलेलं, खाकी, आत दहा-वीसच्या, पन्नासच्या नोटा आणि नाणीसुद्धा. मोजताना मी कुरकुरलो होतो, की एवढी रक्कम द्यायची तर सरळ नोटा तरी द्याव्यात. आकडा बघून माझ्या डोक्यात काहीच वाजलं नव्हतं. एवढा मी स्वतःच्या खरेपणात बुडालेला होतो.

त्या संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. साडेसहा वर्षांनी. ते ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी पावतीपुस्तक उघडून सुपाशेजारी ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि पुन्हा तुरीकडे वळले.

"माहीत होतं, भाऊसाहेब."

"तुम्हाला?"

"सगळ्यांनाच. तुम्ही डोक्यावर वाटी घेऊन नाचला होता की."

"मग मला चोर का नाही म्हणालात?"

"चोर नव्हता तुम्ही. विसरला होता. पण तुम्ही म्हणालात, दिलेत. मग आता काय करायचं?" त्यांनी एक खडा काढून अंगणात फेकला. "छपराला तर पैसे लागणार होते."

मी विचारलं, पाकीट कुणी भरलं? ते म्हणाले, गुप्तदान आहे ते. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "एकाचं नाही. एवढं सांगतो. आणि त्यात आजीचे पन्नास आहेत, तिने ऐकलं नाही." अंड्याची आजी तोवर वारली होती. मी तिच्या दफनाला गेलो होतो. खड्ड्यात मूठभर माती टाकून, खर्चाची पावती घेऊन परत आलो होतो.

पुढे मास्तर म्हणाले, "चहा घेणार?" आणि आत बघून ओरडले, "भाऊसाहेब आलेत." जणू मी काल येऊन गेलो होतो.

मी माफी मागितली का? मागितली, पण ती कुठेतरी चहाच्या घोटात बुडाली. त्यांनी तिला फार भाव दिला नाही. त्यांना छपराबद्दल बोलायचं होतं. पत्रे गळत होते. 'मी सांगत होतो तेव्हाच स्लॅब टाकला असता तर', इत्यादी. तो माणूस मला अजूनही त्रासदायक वाटतो.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नाही. मी मानत होतो की या ऐंशी घरांशी माझं नातं माझ्या इच्छेवर आहे. मन असेल तर आहे, नसेल तर नाही. आणि मी मनाने दूर गेलो होतो त्या वर्षांत, त्यांच्याशी अबोला धरून, दुसरीकडे मिठ्या मारत असताना, माझा वाटा कुणीतरी दहा-वीसच्या नोटांनी भरून टाकला होता. मला न विचारता. वर मलाच पुन्हा दोनदा खजिनदार म्हणून निवडून दिलं. विसरभोळा, तापट, पण हिशेबाला चोख, म्हणून. ही माझी पापक्षमा झाली होती आणि मला त्याची खबर नव्हती. देव आणि मी यांच्या मध्ये कुणी नाही असं मी म्हणत होतो, तेव्हा मध्ये ते खाकी पाकीट होतं.

हे परत कुणाला करणार? नावं नाहीत. रक्कम ठाऊक, धनको अज्ञात. असं कर्ज फिटत नाही. माझ्या धंद्यात याला बुडीत म्हणतात.

यातून सगळं बदललं असं समजू नये. मुलीच्या वेळी चाळलेली आडनावं चाळून झाली आहेत, ती न चाळल्यासारखी करता येत नाहीत. धाकट्या पुतण्याने मागच्या वर्षी मुलगी पसंत केली तेव्हा घरात पुन्हा तोच न विचारलेला प्रश्न फिरत होता. मी गप्प बसलो नाही, एवढंच. लग्न झालं. तिच्या आईच्या हातचं पुरण आमच्या घरात काहींनी मोजून खाल्लं.

6 डिसेंबर 2020ला नऊ महिन्यांनी चर्चमध्ये पहिलं प्रभुभोजन झालं. तोंडाला मास्क, एकाआड एक बाक, कठड्याशी दहाऐवजी पाच जण. मी बाकं मोजली नाहीत. मोजली असं म्हणा हवं तर, पण उलट कारणासाठी. मास्तर उठले तेव्हा उठलो. गुडघ्यांनी आता आवाज करायला सुरुवात केली आहे, दोघांच्याही. कठड्याचं लाकूड मधोमध झिजून गुळगुळीत झालंय, त्यावर त्यांचं कोपर आणि माझं कोपर, मध्ये सरकारी नियमाचं अंतर. पाळकसाहेब आले. भाकरी. मग पेला. मी मास्क खाली करून घेतला, डोळे मिटले आणि थांबलो.

खोकला आला. मास्कमध्येच. त्या दिवसांत कुणी खोकलं की माणसं दचकायची. सगळं चर्च दचकलं, मी सोडून.

उपासना संपल्यावर मी नव्या खजिनदाराकडे एकवीसशे रुपये दिले आणि पावती मागितली. तो कारभार नुकताच हाती घेतलेला, अक्षर सुरेख, पेन नवं. नाव लिहिलं, रक्कम लिहिली.

"कशाबद्दल लिहू, काका?"

"अंड्याबद्दल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या सणाला तो शाळकरी पोर असेल. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्याने 'इतर जमा' लिहिलं, पावती फाडली आणि माझ्या हातात दिली.